प्रश्नाची मांडणी

शाळेत दहा वर्षे आपण उत्तरे लिहावयास शिकतो. प्रश्न मात्र नेहमी दुसऱ्या कोणी तरी काढलेला असतो. तो छापील कागदावर समोर येतो, त्याच्या उजव्या बाजूस गुण लिहिलेले असतात, आणि तो स्वतःच अर्धवट असू शकेल अशी शंका घेण्यास परीक्षेच्या दालनात सवडही नसते. त्यामुळे प्रश्न ही आयती मिळणारी वस्तू असून सारे कौशल्य काय ते उत्तरात आहे, अशी आपली नकळत समजूत होऊन बसते. वैद्यकशास्त्रात, जेथे उत्तर चुकले तर माणसाच्या जिवावर बेतते तेथे, गेल्या काही दशकांत ही समजूत मागे पडत चालली आहे. तेथील संशोधक आधी प्रश्नाची मांडणी करतात, ती जाहीर करतात, आणि मगच उत्तराच्या शोधास लागतात. हे असे का करावे लागले, आणि प्रश्नातील एखादे अंग दुर्लक्षित राहिले तर काय घडते, ह्याची हकीकत न्यूझीलंडमधील मेंढ्यांच्या कळपापासून निघून आपल्या बेळगावपर्यंत येऊन पोहोचते. म्हणून ती विद्यार्थिमित्रांपुढे ठेवण्याचे योजले आहे.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. कलाशाखेचा साधा पदवीधर आहे. परंतु प्रश्न कोणत्या शब्दांत मांडावा हा जितका शास्त्राचा तितकाच भाषेचाही विषय असल्याने, तेवढ्यापुरती भाषाशिक्षकाची लुडबूड वाचक क्षम्य मानतील अशी आशा आहे.

प्रथम 'पद्धतशीर आढावा' म्हणजे काय ते पाहू. एकाच विषयावर जगात अनेक ठिकाणी प्रयोग होतात. एका ठिकाणी औषध गुणकारी ठरते, दुसरीकडे ठरत नाही, तिसरीकडे रोगीच इतके थोडे असतात की काहीच निश्चित सांगता येत नाही. अशा वेळी ज्याला जे हवे असते ते तो उचलतो, आणि 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' असे वाक्य वर्तमानपत्रात झळकते. पद्धतशीर आढावा घेणारा असे करीत नाही. तो आधी आपला प्रश्न निश्चित करतो. त्या प्रश्नावर जगात झालेले सर्व प्रयोग, प्रसिद्ध झालेले आणि शक्य तर अप्रसिद्ध राहिलेलेही, तो धुंडाळतो. कोणते प्रयोग घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे ह्याचे नियम त्याने अगोदरच लिहून ठेवलेले असतात. त्या नियमांप्रमाणे निवड करून, प्रत्येक प्रयोगाचा चोखपणा तपासून, जमल्यास सर्वांचे आकडे एकत्र मांडून तो निष्कर्षाला येतो.

ह्या कामाची निकड ज्यांनी ठासून सांगितली त्यांत आर्ची कॉक्रन ह्या स्कॉटिश वैद्याचे नाव अग्रगण्य आहे. १९०९ साली जन्मलेल्या ह्या गृहस्थाने १९७२ मध्ये एक छोटेखानी पुस्तक लिहून, आपण जे उपचार करतो त्यांपैकी किती खरोखर उपयोगी आहेत, असा अवघड सवाल आपल्याच व्यवसायबंधूंना केला. पुढे १९७९ साली त्याने तक्रार केली की, वैद्यकाच्या प्रत्येक शाखेतील चोख प्रयोगांचा चिकित्सक सारांश काढून तो वेळोवेळी अद्ययावत ठेवण्याची व्यवस्थाच आपण केलेली नाही. प्रसूतिशास्त्राला तर ह्या बाबतीत त्याने सर्वांत खालचा क्रमांक दिला. कॉक्रन १९८८ मध्ये वारला. परंतु १९९२ साली ऑक्सफर्ड येथे त्याच्या नावाचे केंद्र निघाले आणि १९९३ मध्ये त्याच नावाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. असे आढावे तयार करणे हेच तिचे मुख्य कार्य आहे. त्या संस्थेच्या बोधचिन्हात एक वर्तुळ आहे आणि त्यात काही आडव्या रेषा आहेत. ह्या रेषा शोभेच्या नव्हेत. त्यांतील प्रत्येक रेषा हा एक प्रयोग आहे. तो कशाविषयीचा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पूर्ण दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाचे सर्वांत मोठे वैरी म्हणजे त्याचे स्वतःचे अपक्व फुप्फुस. फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना आतून एका स्निग्ध द्रव्याचा लेप असतो. तो असला म्हणजे श्वास सोडल्यावरही त्या पिशव्या मिटून चिकटत नाहीत. हा लेप गर्भावस्थेच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. मूल त्यापूर्वीच जन्मले तर प्रत्येक श्वास हा जणू पहिलाच श्वास असतो. ते धापा टाकते, दमते, आणि दोनतीन दिवसांत संपते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा ह्याच विकाराने दोन दिवसांत दगावला. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला जे वाचवता आले नाही ते इतरांना कोठून वाचविता येणार?

ह्याच दशकात न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स नावाचा संशोधक अगदी वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होता. प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात हे शोधण्यासाठी तो मेंढीच्या गर्भाला विशिष्ट अंतःस्राव देत असे. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, इतक्या लवकर जन्मलेली जी कोकरे जगावयास नकोत त्यांपैकी काही श्वास घेत आहेत, आणि त्यांच्या फुप्फुसांत हवा शिरलेली आहे. १९६९ साली त्याने हे प्रसिद्ध केले. मग हाउई ह्या बालरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने त्याने मानवी मातांवर प्रयोग केला. वेळेपूर्वी बाळंत होण्याचा संभव असलेल्या २८२ स्त्रियांपैकी काहींना बीटामेथासोन ह्या स्टेरॉइड जातीच्या औषधाची सुई दिली, इतरांना दिली नाही. कोणाला कोणती सुई मिळावी हे वैद्याच्या मर्जीवर न सोडता दैवगतीवर सोपविले. १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुई मिळून किमान एक दिवस लोटल्यावर जी मुले वेळेपूर्वी जन्मली त्यांत श्वासाचा विकार दर शंभरांत ९ जणांना झाला. सुई न मिळालेल्यांत जवळजवळ २६ जणांना.

निवड दैवावर का सोपवावयाची, हे येथेच सांगून टाकतो. वैद्याने स्वतः निवड केली तर ज्या स्त्रीला रुग्णालयात येऊन पुरेसा वेळ झाला आहे, जिची प्रकृती बरी आहे, तिलाच औषध मिळण्याचा संभव अधिक. धावत-पळत, रक्तस्राव होत असताना आलेली स्त्री औषधावाचून राहणार. मग औषध घेतलेल्यांची मुले अधिक जगली तर ते श्रेय औषधाचे की वेळेवर पोहोचण्याचे? चिठ्ठ्या टाकल्याने ही शंका उरत नाही. म्हणून आढावा घेणारे बहुधा अशाच प्रयोगांना जवळ करतात.

पुढील दहा वर्षांत असेच आणखी काही प्रयोग झाले. बहुतेक लहान होते. काहींत फरक स्पष्ट दिसला, काहींत दिसला न दिसला असा. एकेकटा प्रयोग वाचणाऱ्या वैद्याचा विश्वास बसेना, आणि औषध सर्रास वापरले जाईना. ह्यांतील सात प्रयोगांच्या रेषा बोधचिन्हात एकाखाली एक मांडलेल्या आहेत. मधली उभी रेषा म्हणजे 'फरक नाही'. तिच्या डावीकडे जाणारी रेषा औषधाच्या बाजूची. सगळ्या रेषांचा मेळ घालणारी खूण पार डावीकडे पडते. म्हणजे १९८० च्या सुमारासच कोणी हे प्रयोग एकत्र करून पाहिले असते तर उत्तर हाती होते! प्रत्यक्षात बारा प्रयोगांचा पद्धतशीर आढावा १९९० साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात किती मुले विनाकारण गेली असतील ह्याचा विचार मन विषण्ण करतो, आणि त्या संस्थेने हेच चिन्ह का निवडले हेही समजते.

आता मूळ विषयाकडे वळू. एवढे प्रयोग एकत्र करावयाचे तर कोणत्या प्रश्नाखाली? 'स्टेरॉइड चांगले की वाईट?' हा प्रश्न नव्हे. ती गप्पांची सुरुवात झाली. १९९५ साली काही वैद्यक-अध्यापकांनी चांगल्या प्रश्नाची चार अंगे सांगितली, आणि ती पुढे सर्वत्र रूढ झाली. कोणाला? काय द्यावयाचे? कशाच्या तुलनेत? आणि कोणता परिणाम मोजावयाचा?

आपल्या ओळखीच्या उदाहरणावर हे घासून पाहू. 'पहाटे उठून केलेला अभ्यास अधिक लक्षात राहतो काय?' ह्यावर प्रत्येक घरात वडील मंडळींचे ठाम मत असते. परंतु प्रश्न मांडावयास बसलो की ठामपणा डळमळू लागतो. कोणाच्या? पाचवीच्या मुलाच्या की दहावीच्या? पहाटे म्हणजे किती वाजता, आणि किती वेळ? कशाच्या तुलनेत? येथे बहुतेकांची फसगत होते. पहाटे उठणाऱ्या मुलाची तुलना आपण मुळीच अभ्यास न करणाऱ्या मुलाशी करतो आणि श्रेय पहाटेला देतो. खरी तुलना पहाटेच्या एका तासाची रात्रीच्या एका तासाशीच हवी, आणि दोघांची झोपही सारखीच हवी. परिणाम कोणता मोजावयाचा? 'बरे वाटते' हा परिणाम नव्हे. आठ दिवसांनी घेतलेल्या चाचणीतील गुण हा मोजता येण्यासारखा परिणाम आहे. हे सारे ठरविल्यावर प्रश्न थोडा रुक्ष दिसू लागतो खरा: 'दहावीच्या विद्यार्थ्यांनी पहाटे पाच ते सहा केलेले पाठांतर, रात्री नऊ ते दहा केलेल्या पाठांतराच्या तुलनेत, आठ दिवसांनंतर अधिक आठवते काय?' परंतु ह्या रुक्ष प्रश्नाला उत्तर आहे. पहिल्या रसाळ प्रश्नाला नव्हते.

स्टेरॉइडच्या बाबतीत चारही अंगांवर असेच कष्ट पडले. 'काय' ह्या अंगात: स्टेरॉइडचे सर्व प्रकार एकत्र घ्यावेत की वेगवेगळे? एकदाच दिलेले आणि पुनःपुन्हा दिलेले औषध एकाच प्रश्नात बसते काय? शेवटी पुनःपुन्हा देण्याचा प्रश्न वेगळा काढून त्याचा आढावाही वेगळा करण्यात आला. प्रश्न फार रुंद ठेवला तर आंबे आणि फणस एकाच तराजूत जातात. फार अरुंद केला तर तराजूत घालावयास एखादेच फळ उरते. ही मर्यादा कोठे आखावी ह्याला सूत्र नाही. विषय जाणणारा मनुष्य आणि पद्धत जाणणारा मनुष्य अशा दोघांनी वाद घालूनच ती आखावी लागते. एकट्याने बसून केलेल्या आढाव्यांवर लेखकाचा तरी विश्वास बसत नाही.

परिणामाचे अंग त्याहून नाजूक आहे. जे सहज मोजता येते तेच मोजण्याकडे माणसाची प्रवृत्ती असते. श्वासाचा विकार जन्मानंतर दोन दिवसांत समजतो. मृत्यू किंवा जीवित महिन्याभरात समजते. परंतु ते मूल मोठे होऊन कसे निघाले हे समजावयास वर्षे लागतात. ऑकलंडच्या संशोधकांचे कौतुक असे की, पहिल्या प्रयोगातील मुलांना तिसाव्या वर्षी पुन्हा गाठून त्यांच्या हृदयाची व रक्ताची तपासणी केली गेली, आणि तिचा वृत्तान्त २००५ साली प्रसिद्ध झाला. उलट बाजूही पाहावी. अमेरिकेत ३४ आठवड्यांनंतर, म्हणजे थोडेसेच आधी जन्मणाऱ्या मुलांसाठी हे औषध देऊन पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात श्वासाच्या तक्रारी कमी झाल्या, पण मुलांच्या रक्तातील साखर उतरण्याचे प्रमाण वाढले. 'परिणाम' ह्या रकान्यात ज्याने फक्त श्वास लिहिला असता त्याला साखर दिसलीच नसती.

प्रश्न आधी लिहून जाहीर करावा असे जे वर म्हटले त्याचे कारण विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. गणिताच्या पुस्तकातील मागचे पान उघडून उत्तर पाहावयाचे, आणि मग त्या उत्तराला येऊन मिळतील अशा पायऱ्या मांडावयाच्या, ही कला कोणत्याही वर्गात दुर्मिळ नाही. मोठ्या माणसांनाही ती साधते. प्रयोगांचे आकडे पाहून झाल्यावर प्रश्न थोडा इकडे वळविला, एखादा गट वगळला, मोजण्याचा महिना बदलला, की हवे ते उत्तर निघते. आणि करणाऱ्याला आपण लबाडी केली असे वाटतही नाही. म्हणून आढाव्याचा आराखडा अगोदर नोंदवून ठेवण्यासाठी इंग्लंडमधील यॉर्क येथे २०११ सालापासून एक सार्वजनिक नोंदवही चालविली जाते. प्रश्न बदलू नये असे तिचे म्हणणे नाही. बदलला तर केव्हा व का बदलला हे सर्वांना दिसावे, एवढाच तिचा आग्रह आहे.

आता ह्या चार अंगांत एक गोष्ट स्वतंत्रपणे येत नाही, ती म्हणजे 'कोठे'. ती 'कोणाला' ह्या अंगाच्या पोटात गृहीत धरलेली असते, आणि गृहीत धरलेली गोष्ट विसरावयास फार वेळ लागत नाही. आमच्या घरी बोलल्या जाणाऱ्या कोंकणीत 'खंय' ह्या शब्दाने 'कोठे' असे विचारतात, आणि त्याच शब्दाने 'असे म्हणतात' हेही सुचवितात. 'तो आयलो खंय' म्हणजे तो आला म्हणे. हा केवळ उच्चाराचा योगायोग असेल. पण पुढील हकीकत वाचताना त्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

२००६ साली कॉक्रन संस्थेने स्टेरॉइडविषयीचा आढावा नव्याने प्रसिद्ध केला. त्यात २१ प्रयोग होते, आणि नवजात मुलांच्या मृत्यूंत सुमारे ३१ टक्के घट दिसत होती. एवढे स्वस्त औषध, एवढा मोठा लाभ! मग ज्या देशांत अशी मुले सर्वाधिक दगावतात तेथे ते गावोगावी पोहोचवावे, असे पुष्कळांना वाटू लागले तर नवल नाही. परंतु ते २१ प्रयोग झाले होते कोठे? बहुतेक सुसज्ज रुग्णालयांत. तेथे गर्भाचे वय सोनोग्राफीने समजत होते, जन्मलेल्या मुलाला ऊब देण्याची, प्राणवायू देण्याची, संसर्ग झाल्यास तो ओळखण्याची सोय होती. आढाव्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्या प्रश्नातील स्त्री ही रुग्णालयात पोहोचलेली स्त्री होती. वाचणाऱ्यांच्या मनात मात्र ती नुसतीच 'स्त्री' होऊन बसली.

सुदैवाने काही संशोधकांनी हा गाळलेला शब्द पुन्हा उचलला आणि विचारले: रुग्णालयाबाहेर, लहान आरोग्य केंद्रांत व खेड्यापाड्यांत हेच औषध देण्याची योजना राबविली तर काय होईल? २०११ ते २०१४ ह्या काळात अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया अशा सहा देशांत हा प्रयोग झाला. भारतातील त्याची दोन ठिकाणे होती बेळगाव आणि नागपूर. चिठ्ठ्या एकेका स्त्रीवर न टाकता वस्त्यांच्या गटांवर टाकल्या होत्या. काही गटांत आरोग्य-कर्मचाऱ्यांना शिकवून औषध पुरविले, काहींत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. जवळजवळ ९८ हजार जिवंत जन्मांची नोंद झाली. २०१५ साली हा वृत्तान्त 'लॅन्सेट' ह्या ख्यातनाम नियतकालिकात छापून आला.

ज्या अगदी लहान मुलांसाठी हा खटाटोप होता त्यांच्या मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाही. आणि सर्व मुले मिळून हिशोब केला तर औषधाची योजना राबविलेल्या गटांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू दर हजारी २७.४, नेहमीच्या व्यवस्थेत २३.९. म्हणजे हजार जन्मांमागे साडेतीन मुले अधिक दगावली. मातांना संसर्ग झाल्याचा संशयही योजनेच्या गटात अधिक आढळला. हे आकडे सहाही देशांचे एकत्र आहेत, एकट्या बेळगावचे नव्हेत, हे लक्षात ठेवावे.

असे का व्हावे? नेमक्या कारणाविषयी तज्ज्ञांनी पुष्कळ खल केला आहे. एक गोष्ट मात्र सर्वांना दिसली. औषध मिळालेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींची मुले त्या अगदी लहान वर्गात बसणारी निघालीच नाहीत. आपल्या बाजूच्या खेड्यात राहिलेल्या वाचकाला ह्याचे नवल वाटणार नाही. शेवटच्या पाळीची तारीख किती जणींना आठवते? 'पंचमीच्या आगेमागे', 'भात कापणीच्या वेळी' अशा खुणांवर दिवस मोजले जातात. सोनोग्राफी झालेली नसेल तर परिचारिकेने गर्भाशयाची उंची फितीने मोजून अंदाज बांधावयाचा. ह्या प्रयोगात अशी रंगीत खुणांची फीत वापरली होती. फितीने उंची कळते, वय कळत नाही. बारीक चणीच्या मातेचे पूर्ण दिवसांचे मूलही फितीवर लहानच दिसते. तेव्हा 'कोणाला?' ह्या पहिल्याच अंगाचे उत्तर कागदावर 'वेळेपूर्वी बाळंत होऊ पाहणारी स्त्री' असे असले, तरी प्रत्यक्षात सुई भलत्याच स्त्रीला मिळत होती. तिला लाभ होण्यासारखे काही नव्हते. अपाय झाला तर तेवढाच.

ह्यावर काहींनी औषधच मोडीत काढावे असे म्हटले, तर काहींना प्रयोगाचाच राग आला. दोन्ही मते घाईची होती. जागतिक आरोग्य संघटनेने प्रश्न पुन्हा मांडला. ह्या वेळी 'कोठे' आणि 'कोणाला' ही दोन्ही अंगे घट्ट बांधून घेतली: गरीब देशांतीलच, परंतु मोठ्या रुग्णालयांत आलेल्या, २६ ते ३४ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा संभव असलेल्या आणि सोनोग्राफीने दिवस निश्चित झालेल्या स्त्रिया. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान येथील २९ रुग्णालयांत २८५२ स्त्रियांवर डेक्सामेथासोन ह्या औषधाचा प्रयोग झाला. लाभ इतका स्पष्ट दिसू लागला की तो ठरल्या वेळेपूर्वीच थांबविण्यात आला. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्या गटात दर शंभरी २३.५ मुले दगावली होती, औषध मिळालेल्यांत १९.६, आणि मातांच्या संसर्गात वाढ नव्हती.

एका प्रयोगात अपाय, दुसऱ्यात लाभ. वर्तमानपत्री मथळ्यात दोहोंचा विरोध दिसेल. पण दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी लिहून पाहावेत, म्हणजे दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असण्यास काही हरकत नाही हे ध्यानात येईल. औषधाची जात तीच होती, रोग तोच होता, देशही काही अंशी तेच होते. पहिल्या प्रयोगात फितीचा अंदाज होता, दुसऱ्यात दिवसांची खात्री होती. आणि मुलाच्या जन्मानंतर त्याची काळजी घेणारी व्यवस्थाही निराळी होती. २०२० सालीच कॉक्रन संस्थेचा आढावा पुन्हा अद्ययावत झाला. त्यात २० देशांतील २७ प्रयोग आणि ११,२७२ स्त्रिया होत्या. त्यांतील दहा प्रयोग साधनांची वाण असलेल्या प्रदेशांतले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या आणि नंतर २०२२ च्या शिफारशींत हे औषध देण्यापूर्वी पाहावयाच्या अटी दिलेल्या आहेत. गर्भाचे वय भरवशाने ठाऊक असावे. बाळंतपण लवकर होण्याचा खरोखर संभव असावा. मातेला संसर्ग झाल्याची चिन्हे नसावीत. बाळंतपणाची आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाची काळजी घेण्याची पुरेशी सोय असावी. आढाव्याचा प्रश्न हाती घेऊन ह्या अटी वाचल्या तर त्याचीच अंगे एकेक करून रुग्णशय्येपाशी येऊन उभी राहिलेली दिसतात. त्यांतील पहिल्या अटीसाठी गरोदरपणाच्या २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी करून घ्यावी अशी त्याच संघटनेची २०१६ सालापासूनची शिफारस आहे. तालुक्याच्या गावी ती आता बहुधा होऊ शकते. पलीकडच्या वाडीवरून येणाऱ्या बाईला ती होईपर्यंत पाचवा-सहावा महिना उजाडतो. तोवर परिचारिकेला आधार म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख, घरात कोणी लिहू-वाचू जाणणाऱ्याने ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वेळीच मांडून ठेवलेली असली तर.